माफी आज, विश्वास सावकाश

बाळ, चुलतभावाच्या कर्जाला तू जामीन राहिलास, त्यानं हप्ते थांबवले आणि पतसंस्थेची नोटीस तुझ्या दारात आली. आपल्या वाळवा तालुक्याला हे नवं नाही. कुणाचा मुकादम उचल घेऊन ऊसतोडीची टोळीच आणत नाही, कुणी मेहुण्याच्या कागदावर सही करून अडकतो. आपण ख्रिस्ती, तेव्हा मुकाट्यानं गिळायचं, असं कुणीतरी तुला सांगेल. त्याचं ऐकू नकोस. मी सांगतो ते ध्यानात ठेव.

आधी देवापुढं ओक. स्तोत्र 55 काढ. दाविदाला लागलंय ते शत्रूचं नाही, बरोबर देवाच्या घरी जाणाऱ्या मित्राचं. तो चिडतो, रडतो, पळून जावंसं वाटतं म्हणतो. तेवढं तूही बोल, पण देवाशी. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर नको. तिथं टाकलेलं माघारी घेता येत नाही.

मग एकटा जा. मत्तयाच्या 18व्या अध्यायात प्रभूनं क्रमच लावून दिलाय. पहिल्यांदा दोघांतच बोलायचं, नाही ऐकलं तर एक-दोन साक्षीदार न्यायचे, तरीही नाही तर मंडळीपुढं मांडायचं. आपल्याकडं उलटं चालतं. उपासना सुटली की फाटकातच सगळ्यांना कळतं आणि ज्याच्याशी बोलायचं तो राहतो बाजूला. त्याच्या घरी जा. चहा दिला तर पी. रक्कम आणि तारीख, एवढंच बोल. जुनी भाऊबंदकी उकरू नकोस, बायकापोरांदेखत पाणउतारा करू नकोस.

कागद सोडू नकोस. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पण तू भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करायचा हक्क 1872 चा करार कायदा तुला देतो. म्हणून दर भरण्याची पावती घे आणि तिच्यावर ‘जामीनदारामार्फत’ असं लिहून घे. दाव्याची मुदत 3 वर्षं. त्या आत त्यानं देणं मान्य असल्याचं लिहून सही दिली, तर मुदत सहीच्या तारखेपासून नव्यानं धरतात. त्याचा चेक परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे.

भावाभावांनी कोर्टाची पायरी चढू नये, असं पौलानं करिंथच्या मंडळीला बजावलं. म्हणून आधी पाळकसाहेब आणि मंडळीतली दोन जाणती माणसं बसवून बघ. पण अन्याय होतोय म्हटल्यावर त्याच पौलानं कैसराकडं दाद मागितली. बैठक फिसकटली तर कोर्टात लोकअदालत आहे. चालू दावा तिथं मिटला की कोर्ट फी परत मिळते आणि पुढं अपील राहत नाही.

माफी दिलीस म्हणून लगेच दुसरी सही देऊ नकोस. योसेफाला भावांनी विकलं. तेच भाऊ मिसरात धान्याला आले, तेव्हा त्यानं धान्य दिलं, पैसेही गोण्यांत परत घातले, आत जाऊन रडला. पण ओळख दिली नाही. धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवून, हे याला टाकून जातात का ते बघितलं. यहूदा त्याच्याऐवजी गुलाम व्हायला पुढं आला, तेव्हा कुठं योसेफानं स्वतःला प्रगट केलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाच. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला, लक्ष्मीबाईला न विचारता. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. काही वर्षं ती वेगळी राहिली, मग नांदायला आली ती स्वतःचं सोवळं सांभाळून. टिळकांनी घाई केली नाही. 1900 साली तिनं बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनानं. ज्यानं दुखावलं त्यानं थांबायचं असतं.

सूड घेऊ नकोस, तो देवाचा प्रांत. उद्या त्याच्या पोरीची सोयरीक जुळताना पाहुणे तुझ्याकडं चौकशीला आले, तर बापाचं कर्ज मध्ये आणू नकोस. पोरगी कशी आहे तेवढं खरं सांग. पण त्यालाच आणखी कुणी जामीन राहायला निघालं आणि तुला विचारलं, तर घडलं ते लपवू नकोस.

या रविवारी प्रभुभोजन घेण्याआधी त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर. सोमवारी पावत्यांची फाइल घे आणि त्याच्या घरी जा.