एमआरआय नॉर्मल आला, मग मन का दुखते?

घरातील एखाद्या व्यक्तीला अनेक आठवडे झोप लागत नाही, अन्नावरची वासना उडते, कशातच रस वाटत नाही. डॉक्टर मेंदूचा एमआरआय करायला सांगतात. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मग कोणीतरी म्हणते, “बघ, तुला काहीच झालेले नाही. सगळे मनाचे खेळ आहेत.” तुमच्या घरात असे घडले असेल, तर तो रिपोर्ट नेमके काय सांगतो हे समजून घ्या.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताची खूण, स्मृतिभ्रंशात आकसलेला भाग हे त्यात दिसते. अशा कारणांमुळेही स्वभाव बदलतो, उदासी येते, भास होतात. ही कारणे नाहीत ना, हे पाहण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ कधी कधी स्कॅन करायला सांगतात. नैराश्य, चिंताविकार किंवा स्किझोफ्रेनिया यांचे निदान मात्र आजही स्कॅनवरून होत नाही. रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, लक्षणे कोणती आणि किती दिवसांची आहेत हे पाहूनच ते होते. म्हणून नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘गाठ वगैरे दिसली नाही’ एवढाच. ‘त्रास खोटा आहे’ असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

मग लाल-पिवळ्या रंगांत उजळलेले मेंदू आपण पाहतो, ते काय असते? ती फंक्शनल एमआरआयची चित्रे. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त जाते. यंत्र हा फरक काही सेकंद उशिरा टिपते आणि संगणक गणित करून रंग भरतो. विचार किंवा दुःख त्यात दिसत नाही. 2009 मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील संशोधकांनी चक्क एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. गणितातील एक आवश्यक दुरुस्ती वगळली, तेव्हा त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ दिसली! शिवाय असे अभ्यास बहुधा गटांची सरासरी सांगतात. वर्गाची सरासरी 62 आली, म्हणून एका मुलाचे गुण ओळखता येतात का?

आपण साधकही ‘ध्यानाने मेंदू बदलतो’ असे संदेश उत्साहाने पुढे पाठवतो. आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूच्या काही भागांची घनता वाढल्याचे 2011 मधील एका छोट्या अभ्यासात दिसले होते. 2022 मध्ये जास्त लोकांना घेऊन, अधिक काटेकोरपणे पाहिले, तेव्हा रचनेतील असा बदल आढळला नाही. संदेश मात्र पहिल्याच अभ्यासाचे फिरत राहतात. ध्यानानंतर मिळणारी शांती आपण स्वतः अनुभवतो. तिला चित्राचा दाखला कशाला हवा?

उपचारात मात्र स्कॅनचा थोडा उपयोग सुरू झाला आहे. डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन नैराश्यावर उपचार करतात. त्याच्या एका पद्धतीत स्पंद नेमके कुठे द्यायचे, हे फंक्शनल एमआरआय पाहून ठरवतात. अमेरिकेत तिला 2022 मध्ये मान्यता मिळाली.

तुम्ही मानसिक आजारावर औषधे घेत असाल, तर ध्यान सुरू केले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. शिबिराला येण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकांनाही सांगून ठेवा. कोणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.