बांधाची राखण

युरोप खंडात जर्मनी नावाचा देश आहे. या देशाच्या उत्तरेला उत्तर समुद्र आहे. या समुद्राला एल्ब नावाची मोठी नदी मिळते. एल्बच्या काठी हॅम्बुर्ग हे शहर वसलेले आहे. ते जर्मनीतले सर्वांत मोठे बंदर आहे.

हॅम्बुर्ग समुद्रापासून सुमारे 100 किलोमीटर आत आहे. तरीही तेथे रोज दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी होते. भरतीचे पाणी एल्बच्या मुखातून थेट शहरापर्यंत चढते. आपल्या कोकणात जशा खाड्या आहेत, तशीच एल्बची ही खाडी आहे. ती मुखाशी खूप रुंद आहे आणि आत येताना अरुंद होत जाते, अगदी नरसाळ्यासारखी!

हॅम्बुर्गच्या लोकांनी शहराभोवती मातीचे बांध घातले होते. भरतीचे पाणी बांधाबाहेर राही. त्यामुळे लोक निर्धास्त होते. समुद्र तर कितीतरी दूर होता!

1962 सालच्या फेब्रुवारी महिन्यातील 16 तारीख होती. हिवाळ्याचे दिवस होते. उत्तर समुद्रावर मोठे वादळ झाले. वायव्येकडून जोराचा वारा सुटला. त्या वाऱ्याने समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे ढकलले. ओहोटीची वेळ झाली, तरी पाणी नेहमीसारखे उतरेना. त्यातच पुढची भरती सुरू झाली. समुद्राला उधाण आले. नरसाळ्यासारख्या खाडीत शिरलेले पाणी आत येता येता आणखी वर चढले.

रेडिओवरून वादळाची सूचना दिली जात होती. पण ही सूचना समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांसाठी आहे, असे शहरातील अनेकांना वाटले. ते नेहमीप्रमाणे झोपी गेले.

मध्यरात्र उलटली आणि पाणी बांधांवरून वाहू लागले. बांधांची आतली बाजू फार उभी होती. वरून पडणाऱ्या पाण्याने तेथील माती धुपून गेली. बांध एकामागून एक फुटले. सुमारे 60 ठिकाणी भगदाडे पडली. वीज गेली. टेलिफोन बंद पडले. अंधारात बर्फासारखे गार पाणी घराघरांत शिरले.

सर्वांत मोठे संकट विल्हेल्म्सबुर्ग या भागावर आले. हा भाग एल्बच्या दोन फाट्यांमधले बेट आहे. महायुद्धात घरे गमावलेली अनेक कुटुंबे तेथे बागांमधल्या साध्या, बैठ्या घरांत राहत होती. लोक छपरांवर चढले, झाडांवर चढले. थंडीने कुडकुडत ते मदतीची वाट पाहू लागले.

त्या वेळी शहराच्या पोलीस खात्याचे प्रमुख हेल्मुट श्मिट होते. त्यांनी ताबडतोब सैन्याची मदत मागवली. हेलिकॉप्टर आली, होड्या आल्या. सैनिक, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान आणि साधे नागरिक मदतीला धावले. त्यांनी हजारो लोकांना छपरांवरून सुखरूप उतरवले. हेच श्मिट पुढे 1974 साली पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर, म्हणजे सरकारचे प्रमुख झाले.

पण सगळ्यांना वाचवता आले नाही. हॅम्बुर्गमध्ये 315 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मदतीला गेलेलेही काही जण होते.

शहरावर दुःखाची छाया पसरली. लोकांनी अश्रू पुसले आणि ते कामाला लागले. बांध का फुटले, याचा शोध घेतला गेला. मग नवे बांध सुमारे 7 मीटर 20 सेंटीमीटर उंचीचे करण्यात आले. त्यांची आतली बाजूही लांब उताराची केली. त्यामुळे वरून पाणी आले, तरी माती सहज धुपत नाही. बांधाच्या पोटात वाळू भरली. तिच्यावर चिकणमातीचा जाड थर दिला आणि त्यावर गवत लावले.

जर्मनीच्या किनाऱ्यावर हे गवत राखायला कोण मदत करते, माहीत आहे? मेंढ्या! बांधांवर मेंढ्यांचे कळप चरत असतात. त्या गवत आखूड ठेवतात. त्यांच्या पायांनी माती दाबली जाऊन घट्ट होते. उंदीर-घुशींची बिळेही बुजतात.

या बांधांची परीक्षा लवकरच झाली. 3 जानेवारी 1976 रोजी पुन्हा मोठे उधाण आले. 1962 साली पाणी 5 मीटर 70 सेंटीमीटरपर्यंत चढले होते. या वेळी ते 6 मीटर 45 सेंटीमीटरपर्यंत चढले. बांधाबाहेर असलेल्या बंदराचे फार नुकसान झाले. पण नव्या बांधांनी शहर वाचवले.

नुसते बांध उंच करणे हा एकच उपाय नाही. आयडर या दुसऱ्या नदीच्या मुखावर 1973 साली सुमारे 5 किलोमीटर लांबीचा बंधारा पुरा झाला. त्याला प्रत्येकी 40 मीटर रुंदीचे पाच दरवाजे आहेत. एरवी दरवाजे उघडे असतात. मोठे उधाण येणार असे कळले, की ते बंद करतात. एल्बच्या मुखातून मोठी जहाजे सतत ये-जा करतात. म्हणून तेथे असा बंधारा घातलेला नाही. एल्बला मिळणाऱ्या लहान नद्यांच्या मुखांवर मात्र दरवाजे आहेत.

आणखी एक उपाय म्हणजे नदीला जागा देणे. ज्या विल्हेल्म्सबुर्गमध्ये पाणी शिरले होते, तेथेच एका ठिकाणी बांध मागे घेतला आहे. सुमारे 30 हेक्टर जमीन भरतीच्या पाण्यासाठी मोकळी केली आहे. तेथे पाणी पसरते, पक्षी येतात, पाणवनस्पती वाढतात.

आपल्याकडेही असे बांध आहेत. रायगड जिल्ह्यात खाडीकाठची भातशेती खारबांधांमुळे टिकून आहे. शेतातले पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधाला उघाडी असते. गोव्यातील खाजण शेतीत अशा दाराला मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले, की त्याच्याच दाबाने हे दार बंद होते. ओहोटीला ते आपोआप उघडते. एक लहानसे भगदाड वेळीच बुजवले नाही, तर खारे पाणी शेतात शिरते आणि पीक जाते.

जर्मनीच्या किनाऱ्यावर पूर्वी एक कडक रिवाज होता. बांधाचा आपला वाटा ज्याला राखता येत नसे, त्याला जमीन सोडून जावे लागे. कारण एकाचा बांध फुटला, की साऱ्यांची शेते बुडत.

आज जगभर समुद्राची पातळी वाढत आहे. म्हणून हॅम्बुर्गचे लोक आपले बांध आणखी उंच करत आहेत. धोक्याची सूचना देण्यासाठी शहरात भोंगे बसवले आहेत. उधाण आले तर काय करावे, याची माहितीपत्रके घरोघरी दिली जातात. समुद्र दूर आहे, असे आता तेथे कोणी म्हणत नाही.

स्वाध्याय

1. हॅम्बुर्ग समुद्रापासून दूर असूनही तेथे भरतीचे पाणी का येते?
2. रेडिओवर सूचना मिळूनही लोक सावध का झाले नाहीत?
3. जुन्या आणि नव्या बांधांत कोणता फरक होता?
4. मेंढ्या बांधाची राखण कशी करतात?
5. तुमच्या गावाजवळच्या नदीला, ओढ्याला किंवा खाडीला बांध आहे का? त्याची काळजी कोण घेते, याची माहिती मिळवा.