निवडीचा हिशेब



शालान्त परीक्षा जवळ आली, की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘पुढे काय?’ एक छत्री घ्यावयाची तर आपण चार दुकाने हिंडतो. आयुष्याची वाट मात्र शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून धरतो! अर्थशास्त्र हे केवळ पैशाचे शास्त्र नव्हे. साधने थोडी व गरजा अनेक असता निवड कशी करावी, हेही ते शिकविते.

इ. स. १७७२ मध्ये इंग्लंडातील धर्मोपदेशक जोसेफ प्रीस्टली यांच्यापुढे असाच पेच पडला. लॉर्ड शेल्बर्न यांनी त्यांना वर्षाला २५० पौंडांवर आपल्याकडे बोलाविले होते. पण त्यासाठी हातचे काम व गाव सोडावे लागणार होते. त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांना विचारले. काय करावे हे फ्रँकलिनने सांगितले नाही. कसे ठरवावे, एवढेच कळविले. कागदावर मधोमध रेघ ओढून एका बाजूस अनुकूल व दुसऱ्या बाजूस प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी लिहावी, समान वजनाची कारणे दोहोंकडून खोडावी आणि उरेल ते पाहावे. प्रीस्टलींनी ते काम स्वीकारले. तेथेच १७७४ मध्ये त्यांनी प्राणवायू वेगळा केला.

आता आपला हिशेब पाहू. बारावीनंतर एखाद्यास महिना १२,००० रुपयांची नोकरी मिळत आहे असे समजा. ती सोडून तो तीन वर्षे महाविद्यालयात गेला व शुल्कापोटी ६०,००० रुपये लागले, तर शिक्षणाचा खर्च ६०,०००च काय? नव्हे. हातची गेलेली ४,३२,००० रुपयांची मिळकतही त्यात धरली पाहिजे. म्हणजे एकूण ४,९२,०००. यास वैकल्पिक खर्च म्हणतात. जेवणखाण मात्र त्यात धरू नये. ते दोन्ही वाटांवर लागतेच. पदवीमुळे पुढे महिना ४,००० रुपये अधिक मिळाले, तर ही रक्कम सव्वादहा वर्षांत भरून निघेल. ज्याच्यापुढे नोकरीची तीसपस्तीस वर्षे आहेत, त्याला हा सौदा परवडतो. पण ज्याच्या घरी आजच चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याचे उत्तर निराळे येईल, आणि तेही चूक नव्हे.

दुसरा धडा बुडीत खर्चाचा. माझी एक माजी विद्यार्थिनी अभियांत्रिकीची दोन वर्षे संपवून रडत माझ्याकडे आली. तिला भाषा शिकवावयाची होती. पण वडिलांनी कर्ज काढले होते. मी म्हटले, “कर्ज दोन्ही वाटांनी फेडायचेच आहे. गेलेली दोन वर्षेही कोणत्याच वाटेने परत येणार नाहीत. तेव्हा तुलना कर ती पुढची : नको असलेल्या कामासाठी आणखी दोन वर्षे, की हव्या असलेल्या कामासाठी तीन?” तिने वाट बदलली. वडील महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मलाही रात्री झोप येईना. आज ती शिकविते, आणि कर्जाचे हप्ते स्वतः भरते.

हिशेबाने भविष्य कळत नाही. प्राणवायूचा शोध प्रीस्टलींच्या कोणत्याच रकान्यात नव्हता! परंतु हिशेब केला म्हणजे आपण काय मिळवीत आहोत व काय सोडीत आहोत, हे डोळ्यांसमोर राहते. वृद्ध आईवडिलांची सोबत, आपले गाव, मनाची आवड यांना बाजारभाव नाही. तरी त्यांनाही त्या कागदावर जागा द्या. मित्रहो, निकालाची वाट पाहू नका. वहीचे एक कोरे पान घ्या, मधोमध रेघ ओढा, आणि रात्री आईवडिलांना शेजारी बसवून लिहावयास लागा.