टेलिफोटो झूम घेताना आधी माउंट, मग मिलिमीटर

हिवाळा लागला, भिगवणला पाहुणे पक्षी उतरू लागले, की कॅमेऱ्याच्या दुकानांत एकच चौकशी सुरू होते: "पक्ष्यांसाठी चांगली लेन्स दाखवा." दुकानदार १५०-६०० काढून काउंटरवर ठेवतो. दोन किलोचं ते धूड हातात घेतलं की गिऱ्हाईक निम्मं पटलेलं असतं. वास्तविक त्याआधी दुकानदाराने "बॉडी कुठली आहे?" असं विचारायला हवं. त्याने नाही विचारलं, तर आपणच सांगावं. कारण एकच मिलिमीटरचा आकडा एका कॅमेऱ्यावर साठ हजारांत पडतो, तर दुसऱ्यावर दीड-पावणेदोन लाखांत.

आपल्याकडे घरोघरी आहेत ते कॅननचे १५००डी, २००डी आणि निकॉनचे डी३५००, डी५६००. हे सगळे आरशाचे, म्हणजे डीएसएलआर. कॅननचा माउंट ईएफ, निकॉनचा एफ. दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले, कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड. जुनी लेन्स नव्या बॉडीवर ॲडॅप्टर लावून चालते, पण नवी लेन्स जुन्या बॉडीवर चालत नाही. कारण साधं आहे. आरशाला जागा लागते म्हणून ईएफमध्ये माउंटपासून सेन्सर ४४ मिमी मागे असतो, आरएफमध्ये फक्त २० मिमी. मधली २४ मिमीची जागा ॲडॅप्टर भरून काढतो. उलट दिशेने भरायला जागाच नसते. त्यामुळे आज डीएसएलआर आहे आणि दोन-तीन वर्षांत बॉडी बदलायचा विचार आहे, अशा माणसाने जुन्या माउंटची लेन्स घ्यायला हरकत नाही. पुढे ॲडॅप्टरचा खर्च मात्र धरून ठेवावा.

निकॉनवाल्यांनी जास्त जपायला हवं. डी३५०० आणि डी५६००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सवर फोकस हातानेच करावा लागतो. उडत्या पक्ष्यावर तो करून बघा एकदा! उलट बाजूने, काकांचा जुना डी९० वापरत असाल तर एएफ-पी लेन्सचा फोकस त्यावर चालत नाही, आणि २००-५००सारख्या ई मालिकेतल्या लेन्सचं ॲपर्चरही हलत नाही. बॉडी सोबत नेऊन, लावून, दहा-वीस फोटो काढूनच पैसे द्यावेत.

आता सेन्सर. "क्रॉप कॅमेऱ्यावर ३०० मिमीची लेन्स ४५० होते," हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. लेन्स काही लांब होत नाही. काठावर बसलेला खंड्या घ्या. पक्षी १६ सेंटिमीटरचा, तुमच्यापासून १५ मीटरवर. ३०० मिमीच्या लेन्समधून त्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा ३.२ मिमी लांब असते, मग कॅमेरा दहा हजारांचा असो की तीन लाखांचा. फरक पडतो तो त्या ३.२ मिमीत किती पिक्सेल बसलेत याने. १५००डीवर साधारण ८६० बसतात. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ५३०च्या आसपास, ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ७३५. ऑलिम्पस-पॅनासोनिकच्या २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सवर जवळजवळ ९६०. म्हणजे नुसत्या पक्ष्यांसाठी २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी घेणारा माणूस आपल्याच १५००डीपेक्षा मागे जातो, आणि ते भरून काढायला त्याला लांब, महाग लेन्स घ्यावी लागते. फुल फ्रेमचा फायदा अंधुक उजेडात दिसतो, तो खराच आहे. पण त्याची किंमत लेन्सच्या बिलात मोजावी लागते.

पुढचे भाव अंदाजाचे समजा. कॅशबॅक आणि सणाच्या ऑफरनी ते वरखाली होत राहतात.

सुरुवात करणाऱ्याला कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर पुरते. सेकंडहँड दहा-पंधरा हजारांत मिळते. बागेतले पक्षी, मुलांच्या शर्यती, गणपतीची मिरवणूक यांना हिच्यापुढे जायची गरज नाही. त्याच्या वरच्या पायरीला कॅनन आरएफची १००-४०० आहे, साठ हजारांच्या घरात आणि वजन फक्त ६३५ ग्रॅम. तिची खोट म्हणजे ४००ला ॲपर्चर एफ/८, एफ/५.६च्या निम्माच उजेड, आयएसओ दुप्पट. भिगवणच्या पाण्यावर भर सकाळी चालतं, ताडोब्यात पहाटे गेट उघडल्यावर चालत नाही. सोनीच्या क्रॉप बॉडीसाठी ७०-३५० आणि फुजीची ७०-३००, दोन्ही साधारण पाऊण लाखाच्या, दोन्ही हलक्या.

६०० मिमी हवंच असेल तर डीएसएलआरवर सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची जी-२ लाखाच्या अलीकडे-पलीकडे येते, सेकंडहँड पन्नास-साठ हजारांपासून. माझ्या मते आजच्या घडीला सर्वांत जास्त मोबदला इथेच मिळतो. बिनआरशाच्या माउंटवर सोनीची २००-६०० आणि निकॉन झेडची १८०-६०० दीड ते दोन लाखांच्या दरम्यान. झूम करताना या दोन्ही बाहेर लांबत नाहीत, त्यामुळे जिप्सीतली धूळ आत ओढली जात नाही. कॅनन आरएफची २००-८०० दोन लाखांच्या आसपास. टेलिकन्व्हर्टर लावून ही लांबी स्वस्तात मिळेल, असं वाटत असेल तर थांबा. एफ/६.३च्या लेन्सला १.४चा जोडला की एफ/९ होतं, आणि तिथे १५००डीच्या वर्गातल्या बॉडीचा ऑटोफोकस साथ सोडतो.

लेन्सखेरीज थोडे पैसे बाजूला ठेवा. यातल्या बहुतेक ६००वाल्यांना ९५ मिमीचा फिल्टर लागतो. चांगला काही हजारांना येतो, आणि स्वस्त लावण्यापेक्षा न लावलेला बरा, हूड पुरतं. जिप्सीत ट्रायपॉड उघडता येत नाही. बीनबॅग रिकामी न्यावी आणि तिथल्या किराणा दुकानात तांदूळ घेऊन भरावी. मुंबई-कोकणात बुरशीचा बंदोबस्त हवाच. ड्राय कॅबिनेट आठ-दहा हजारांपासून मिळतं, पण लेन्सच्या लांबीचं माप घेऊन जा. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक हे काही शेकड्यांत होतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं.

सेकंडहँड घेताना लेन्सची दोन्ही टोपणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. भाव निम्मा केला तरी घेऊ नका. झूम पूर्ण लांबवून नळी हातांनी हलकेच हलवा, खडखड नको. स्टॅबिलायझर चालू करून व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र स्थिरावतं का बघा. माउंटचे स्क्रू पेचकसाने खरवडलेले असले तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. नव्या लेन्सवर "बिनबिलाचा भाव" दहा-पंधरा हजारांनी कमी सांगितला जातो. त्यात कंपनीची भारतातली वॉरंटी नसते, आणि ६००च्या लेन्सची स्टॅबिलायझर मोटर गेली की ती बचत दुरुस्तीत सहज जाते.

वर्षातून एकदा ताडोबा आणि एकदा भिगवण, एवढाच बेत असेल तर भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत १५०-६०० किंवा २००-६०० दिवसाला साधारण हजार ते दोन हजारांत मिळते, अनामत किंवा ओळखपत्र वेगळं. शनिवार-रविवारचं बुकिंग आधी करावं, लेन्स ताब्यात घेताना दोन्ही काचांचे आणि सीरियल नंबरचे फोटो दुकानदाराच्या समोरच काढावेत, आणि परत करतानाही.