बरं झालेलं दुखणं पुन्हा का उलटतं?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातली, वय २८. दोन वर्षांपूर्वी लघवीच्या जागी पाण्याचे बारीक फोड आले, ते फुटून जखमा झाल्या, तापही आला. डॉक्टरांनी हर्पीज आहे म्हणून गोळ्या दिल्या. बरं वाटलं. पण तेव्हापासून हे दुखणं पाच-सहा वेळा उलटलं. तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर हमखास. सासूबाई म्हणतात, नागीण आहे, उतरवून घे. नवऱ्याच्या मनात संशय आहे. हे कधी जाईल का? मला मूल होऊ शकेल का?
– एक भगिनी

उत्तर : ताई, संशयाचं आधी बोलू. दुखणं उलटलं म्हणजे तुम्हाला नव्याने लागण झाली, असं नाही. हर्पीजचा विषाणू कातडीवरून शिरतो आणि कमरेच्या खालच्या मणक्यांजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन निपचित पडतो. जखमा भरतात, पण तो तिथेच असतो. ताप, जागरण, पाळी, मनावरचा ताण किंवा त्या जागी घर्षण झालं की तो त्याच मज्जातंतूवरून पुन्हा कातडीपर्यंत येतो. पहाटेपासून जंगलात पानं तोडायची, मग रात्री पुडे बांधत बसायचं, त्यात मे महिन्याचं ऊन. त्या दिवसांत तुमचं दुखणं डोकं वर काढतं यात नवल नाही.

हा विषाणू काहीही त्रास न देता वर्षानुवर्षं अंगात राहू शकतो. म्हणून कुणाकडून कुणाला लागला, हे फोड कधी दिसले त्यावरून ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयातल्या दर पाच माणसांत एकाहून जास्त जणांना जननेंद्रियाचा हर्पीज आहे, आणि बहुतेकांना ते माहीतही नाही. दोष शोधत बसण्यापेक्षा दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जाणं शहाणपणाचं.

नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असले तरी रोग निराळे. उतरवून घेण्यात मात्र औषधाचा पहिला दिवस वाया जातो, आणि तोच दिवस मोलाचा असतो.

फोड येण्याआधी काही तास किंवा एक दिवस त्या जागी मुंग्या येतात, खाज किंवा आग होते, मांडीत कळ येते. ही खूण ओळखा. असायक्लोव्हिरची गोळी तेव्हाच सुरू केली तर दुखणं लवकर आटोपतं. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच घेऊन गोळ्या घरात ठेवा. किती आणि किती दिवस घ्यायच्या, हे त्यांनीच सांगावं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा. वारंवार उलटत असेल तर रोज गोळी घेण्याची पद्धत आहे. तिने उलटण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्के कमी होतं. विषाणू समूळ जात नाही हे खरं, पण बहुतेकांना दरवर्षी त्रास कमी होत जातो.

जखमा कोमट पाण्याने धुऊन कोरड्या ठेवा, सैल सुती कपडे घाला. लघवीला आग होत असेल तर लघवी करताना वरून पाणी ओता. दुकानातून विचारून आणलेलं खाजेचं मलम लावू नका; त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. मुंग्या सुरू झाल्यापासून जखमा पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळा. एरवी निरोध वापरा, कारण फोड नसतानाही लागण होऊ शकते. दोघांनी एचआयव्ही आणि गरमीची रक्ततपासणीही करून घ्या. हर्पीजच्या जखमांतून एचआयव्ही सहज शिरतो.

मूल? खुशाल होऊ द्या. फक्त गरोदरपणात पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हर्पीजचं सांगा. शेवटच्या महिन्यात ते रोजची गोळी देतात. बाळंतपणाच्या वेळी जखमा असतील तर बाळाला जपण्यासाठी सिझेरियन करतात. म्हणून बाळंतपण रुग्णालयातच व्हायला हवं.

कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गुप्तरोगांची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. हर्पीजसाठी तिथे लाल रंगाचं, ५ क्रमांकाचं औषधाचं पाकीट असतं. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

तुमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि खेड्यातल्या बाईचं न बोललेलं दुखणं जगाला कळलं. त्या बायका सोसत होत्या, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही स्वतःहून विचारलंत. आता हीच गोष्ट नवऱ्याला शेजारी बसवून डॉक्टरांना सांगा. आणि येत्या तेंदूच्या हंगामाआधी गोळ्या घरात आणून ठेवा.