डुलता सूर, वऱ्हाडी ऊन: जुन्या धाटणीचे पेडल वापरताना काय करावे, काय टाळावे

अमरावती, अकोला, परतवाडा, दर्यापूर या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याचे वर्ष स्टुडिओत जात नाही. ते लग्नाच्या लॉनवर जाते, गणपती-नवरात्राच्या मंचावर जाते, विद्यापीठाच्या युवा महोत्सवात आणि १४ एप्रिलच्या आसपासच्या भीमगीतांच्या रात्रींत जाते. मंडपातली वीज, एप्रिल-मेचे ऊन, कपाशीची धूळ आणि शेजारी उभा गायक हे सगळे धरूनच इथे पेडल घ्यावे लागते. परदेशी माहितीपुस्तिका यांतल्या एकाही गोष्टीचा विचार करत नाहीत. माझे मत ठाम आहे: कोरस, फेझर चांगला वाजतो की नाही हे कंपनीच्या नावावर थोडे ठरते, त्याला मिळणारी वीज आणि नॉब फिरवणाऱ्याचा संयम यांवर जास्त ठरते.

आधी ओळख करून घ्या

सूर डुलवणाऱ्या पेडलांची चार घराणी आहेत. दुकानात जाण्याआधी चौघांचा आवाज वेगवेगळा ओळखता आला पाहिजे.

- व्हाइब. जपानच्या शिन-एई कंपनीचे युनि-व्हाइब १९६८ च्या सुमारास आले. ते रचणारे फुमिओ मिएदा यांना कल्पना सुचली ती शॉर्टवेव्हवर रेडिओ मॉस्को ऐकताना, आवाज भरून येतो आणि विरत जातो त्यावरून. रेडिओ सिलोन लावून बसलेल्या वऱ्हाडातल्या जुन्या पिढीला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. पेटीच्या आत एक छोटा बल्ब कमी-जास्त होत राहतो आणि भोवतीचे चार प्रकाशसंवेदी रोधक त्याप्रमाणे सूर हलवतात. जिमी हेंड्रिक्सने १९६९ मध्ये वुडस्टॉकला हेच वापरले.
- फेझर. १९७४ चे एमएक्सआर फेझ ९०. नारिंगी डबी, एकच नॉब. शिकाऊ माणसाने सुरुवात इथून करावी, कारण बिघडवायला फारसे काही हाताशी नसते.
- कोरस. रोलंडच्या जॅझ कोरस अॅम्पमधले (१९७५) सर्किट वेगळे काढून १९७६ मध्ये बॉस सीई-१ आले, आणि १९७९ मध्ये लहान डबीतले सीई-२. दोन मेल रीडची हार्मोनियम आठवा. दोन्ही ओळी केसभर वेगळ्या लागल्या की सुराला जी हलकी लहर येते, तेच काम इथे वीज करते.
- फ्लँजर. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे इलेक्ट्रिक मिस्ट्रेस, १९७६. द पोलीसच्या अँडी समर्सचा चकाकणारा आवाज याचाच. कोरसचाच हा भाऊ, पण आवाज मागे ठेवण्याचा काळ त्याहून कमी आणि परत फिरवलेला आवाज जास्त.

कोरस आणि फ्लँजर या दोघांच्या पोटात बकेट ब्रिगेड नावाची चिप असते. ती १९६९ मध्ये फिलिप्समध्ये जन्मली. तिचे नाव लक्षात ठेवा, पुढे दुरुस्तीत लागेल.

खरेदी

करा:

- जुने पेडल नको, जुन्या धाटणीचे नवे घ्या. बॉसचे सीई-२डब्ल्यू, एमएक्सआरचे आजचे फेझ ९०, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे स्मॉल क्लोन ही आजही बनतात. हात आखडता असेल तर मूअरचे नाइन्टी ऑरेंज आहे. फेझ ९० च्या वळणाचा फेझर, आकाराने तळहाताहून लहान. पहिल्या पेडलसाठी त्यात कमीपणा काहीच नाही.
- पेडल आपल्याच गिटारवर, आपल्याच केबलने आणि मंचावर वाजवतो तेवढ्या आवाजात ऐका. मुंबई-पुण्याला फेरी होणार असेल तर गिटार सोबत न्या.
- सेकंडहँड घेताना मागचे झाकण उघडायला सांगा. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर दिसला, सोल्डर ताजे दिसले, चिपवरची अक्षरे खरवडून पुन्हा छापल्यासारखी वाटली, तर नमस्कार करून उठा. एमएन३००७ सारख्या जुन्या बकेट ब्रिगेड चिपच्या नकला बाजारात आहेत.

टाळा:

- परदेशातून आलेले मूळ सीई-१ किंवा मूळ युनि-व्हाइब थेट आपल्या बोर्डात लावू नका. ही दोन्ही अॅडॉप्टरवर नाही, भिंतीतल्या विजेवर चालतात. जपानी नग १०० व्होल्टचा, अमेरिकी साधारण ११७ व्होल्टचा, आपल्याकडे २३०. योग्य स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नसेल तर पहिल्याच सेकंदात आतला ट्रान्सफॉर्मर जातो.
- एकाच महिन्यात चारही घराणी विकत घेऊ नका. एकाबरोबर पूर्ण हंगाम काढा. कोणत्या गाण्यात ते बंद ठेवायचे हे कळायला एक हंगाम लागतोच.

वीज: सगळ्यात जास्त लक्ष इथे

आपल्याकडे पेडल बहुधा वाजवून खराब होत नाहीत. ती लावताना जळतात.

करा:

- अॅडॉप्टर खोचण्याआधी तीन गोष्टी वाचा: व्होल्ट, मिलिअँपिअर आणि पिनची दिशा. आजची बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि पिनच्या मध्यभागी उणे असते. मिलिअँपिअर गरजेपेक्षा जास्त असले तर चालते, पेडल हवे तेवढेच घेते. व्होल्ट जास्त चालत नाहीत.
- बॉसच्या जुन्या नगावर एसीए असे लिहिले असेल तर थांबा. ते पेडल जुन्या धाटणीच्या अॅडॉप्टरसाठी आहे, जो प्रत्यक्षात १२ व्होल्टच्या आसपास देत असे. आजचा पीएसए ९ व्होल्टचा लावला तर दिवा मंद पेटतो, आवाज मलूल येतो आणि लोक म्हणतात पेडल बिघडले. बिघडलेले काहीच नसते.
- जुन्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सला हेडफोनसारखी साडेतीन मिलिमीटरची पिन लागे. तिच्यासाठी वेगळी वायर जवळ ठेवा आणि तिच्यावर पेडलचे नाव लिहा.
- प्रत्येक पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड वाट देणारा पॉवर सप्लाय घ्या. पैसे दुसऱ्या पेडलसाठी साठवले असतील तर ते आधी इकडे वळवा. एकाच वायरीवर डिजिटल डिले आणि अॅनालॉग कोरस टांगले की बारीक शिट्टी ऐकू येते, आणि गाण्यातल्या शांत जागेत ती पूर्ण मैदानभर पोचते.
- मंडपात पोचल्यावर पहिला प्रश्न साउंडवाल्याला: "भाऊ, अर्थिंग हाये का?" उत्तर काहीही आले तरी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ तपासा. फेज-न्यूट्रलला २३० च्या आसपास आकडा हवा, फेज-अर्थलाही जवळपास तेवढाच. जनरेटरवर दिवे लागण्याआधी मोजा आणि लागल्यावर पुन्हा मोजा. आकडा झोके घेत असेल तर स्टॅबिलायझर मागा, किंवा त्या दिवशी पेडल बॅटरीवर चालवा. फेझर नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर अख्खा कार्यक्रम सहज काढतो.

टाळा:

- गूं असा आवाज घालवण्यासाठी तीन पिनांतली अर्थची पिन कापू नका, तिच्यावर टेपही गुंडाळू नका. हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी अॅम्पमध्ये दोष असेल तर वीज थेट शरीरातून जाते. याने माणसे दगावली आहेत. गूं घालवायचा असेल तर डीआय बॉक्स घ्या आणि त्यावरचे ग्राउंड-लिफ्ट बटण दाबा; ते फक्त सिग्नलच्या वाटेवरचा अर्थ तोडते, विजेच्या वाटेवरचा नाही.
- अॅम्पची आणि पेडलांची पिन एका बोर्डात, मिक्सरची मैदानाच्या पलीकडे दुसऱ्याच बोर्डात, अशी मांडणी टाळा. शक्य तिथे सगळे एकाच ठिकाणाहून घ्या.
- जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे जुने फझ पेडल बाकीच्यांच्या साखळीत जोडू नका. त्यातल्या अनेकांचे धन-ऋण उलटे असते आणि साखळीत ते थेट शॉर्ट होते. त्याला बॅटरीच द्या.

ऊन, धूळ, धुके

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून पुष्कळ वर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ हिशेब आहे.

- पेडलांची पेटी टपावर किंवा डिकीत नाही, माणसांबरोबर आत.
- दुपारी मांडामांड करून रात्री वाजवायचे असेल तर मधल्या वेळात बोर्डावर पांढरे सुती कापड टाका. काळे प्लास्टिक नको.
- कार्यक्रम नसेल तेव्हा बॅटरी काढून ठेवा. उन्हाळ्यात ती लवकर पाझरते आणि आतली पट्टी खाऊन टाकते.
- जिनिंगच्या गावांत हवेत कापसाचा तंतू असतो. तो जॅकमध्ये बसतो. वापर नसेल तेव्हा जॅकच्या तोंडात रबरी बूच बसवा.
- नॉब खरखरला तर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. बिजागरीला मारतो तो गंजविरोधी स्प्रे नको. तो मागे तेलकट थर ठेवतो आणि धूळ तिथेच चिकटते.
- पावसाळ्यात चिखलदऱ्याला वाजवायचे असेल तर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. गार झालेले पेडल दमट हवेत आणल्यावर लगेच चालू करू नका, आतले दव वाळू द्या.

आवाज लावताना

करा:

- क्रम असा ठेवा: ट्यूनर, मग फझ किंवा ओव्हरड्राइव्ह, मग फेझर किंवा कोरस, शेवटी डिले. फेझर ओव्हरड्राइव्हच्या आधी लावला तर लहर मऊ आणि जुनी वाटते, नंतर लावला तर ठळक. दोन्ही करून बघा. ट्यूनरची जागा मात्र हलवू नका. कोरसमधून आलेला सूर स्वतःच वर-खाली होत असतो, त्यावर काटा स्थिर राहत नाही.
- वेग गाण्याच्या ठेक्यातून काढा. मिनिटाला ९० ठोके असतील तर चार ठोक्यांना साधारण २.७ सेकंद लागतात. फेझरचा एक झोका तेवढ्या वेळात पूर्ण झाला की तो ठेक्याशी भांडत नाही. ढोलकीवाल्याला केहरवा धरायला सांगा आणि नॉब हळूहळू फिरवत सम गाठा. कान तयार करण्याचा याहून चांगला रियाज मला माहीत नाही.
- घरी आवडलेली डेप्थ मैदानावर निम्मी करा. मोठ्या स्पीकरवर आणि मोकळ्या हवेत लहर दुप्पट भासते. साउंडवाला "आवाज लय डुलून रायला" म्हणाला तर वाद घालू नका. तो प्रेक्षकांच्या जागी उभा आहे, तुम्ही नाही.
- मिक्सरला एकच वायर द्या. आपल्याकडची मांडणी बहुधा मोनोच असते. काही स्टिरिओ कोरसमध्ये दुसऱ्या बाजूचा ओला, म्हणजे लहर दिलेला, आवाज उलटा केलेला असतो. दोन्ही बाजू एकत्र आल्या की परिणाम नाहीसा होतो आणि दोष माथी येतो गिटारवाल्याच्या.

टाळा:

- गायक तोंड उघडतो त्या क्षणी कोरस चालू ठेवणे. खोल कोरस सुराला खरोखर वर-खाली ओढतो. षड्ज धरून उभ्या असलेल्या गायकाला तो आधार देत नाही, डळमळवतो. भीमगीतात सुरुवातीच्या आणि मधल्या तुकड्यांवर पेडल लावा, ओळ सुरू झाली की पाय खाली. शब्द लोकांपर्यंत स्वच्छ पोचणे हे त्या रात्रीचे मुख्य काम आहे.
- कीबोर्डवाल्याने स्ट्रिंग्ज लावलेल्या असताना त्यावर फ्लँजर. त्याच्या आवाजात कोरस आधीच मिसळलेला असतो. दोघांनी आपसांत ठरवा, एका वेळी एकानेच डुलावे.
- लावणीत फेझर. ढोलकीच्या थापेला कोरडी, तुटक गिटारच शोभते.
- पेडलावर तुकडा बसवणे. 'कर्ज' (१९८०) मधली 'एक हसीना थी'ची गिटार आपल्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात मागितली जाते; गोरख शर्मांच्या त्या वाजवण्यात जे आहे ते बोटांत आहे. आधी सगळे पेडल बंद करून तो तुकडा सुरात बसवा, मग हवा तर चिमूटभर कोरस.

दुरुस्तीला देताना

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे आपल्याकडचे कारागीर सुटलेला जॅक, तुटलेली वायर, गेलेला स्विच उत्तम करून देतात. त्यांच्याकडे जरूर जा. दोन गोष्टी मात्र आधी सांगा. आतले छोटे ट्रिमर हलवायचे नाहीत. फेझर आणि कोरसचा जीव त्या स्क्रूच्या एका कोनात असतो आणि अर्धा फेरा फिरला तरी लहर बंद पडते. झाकण उघडल्यावर लगेच फोटो काढा आणि ट्रिमरच्या खाचेवर मार्करने खूण करा. दुसरी गोष्ट, बकेट ब्रिगेड चिपला हात लावण्याआधी अंगातली स्थिर वीज अर्थ केलेल्या धातूला शिवून उतरवा आणि सोल्डरिंग आयर्नही अर्थ केलेलाच वापरा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात नायलॉनचा शर्ट घालून खुर्चीवरून उठले तरी ती चिप मारण्याइतकी वीज बोटात साठते.