पिल्लांची रक्ती हगवण

आपल्या गावात बहुतेक सर्वांच्या घरी कोंबड्या आहेत. अंडी विकून मीठ-मिरची येते, वह्या-पेन्सिली येतात. कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते तेव्हा पिल्लं निघतात. पण पावसाळ्यात पुष्कळ पिल्लं मरतात. मग लोक म्हणतात, "मर आली," आणि गप्प बसतात. पण मर एकच नसते. आजार वेगवेगळे असतात आणि काहींवर औषध आहे. म्हणून मी ही माहिती लिहिली आहे. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी बरेच प्रश्न विचारले. त्यांनी न रागावता सांगितले.

रोग कशामुळे होतो?

रक्ती हगवणीला डॉक्टर कॉक्सिडिओसिस म्हणतात. आयमेरिया नावाच्या बारीक जीवामुळे हा रोग होतो. त्याचं अंडं डोळ्यांना दिसत नाही. १ मिलिमीटरचे ५० भाग केले तर एक भाग जेवढा होईल तेवढंच ते असतं. आजारी पिल्लाच्या शिटेतून ही अंडी जमिनीवर पडतात. जमीन ओली आणि उबदार असली तर एक-दोन दिवसांत ती रोग करण्याजोगी होतात. दुसरं पिल्लू तिथेच दाणे टिपतं, आणि दाण्याबरोबर अंडं पोटात जातं. आतड्यात एकाचे हजारो होतात. आतड्याला जखमा होतात आणि रक्त येतं. पोटात गेल्यापासून साधारण ५-६ दिवसांत पिल्लू आजारी पडतं.

मोठ्या कोंबड्यांना हा रोग सहसा होत नाही, कारण त्यांच्या अंगात ताकद आलेली असते. पण त्यांच्या शिटेत ही अंडी असू शकतात. ३ ते ८ आठवड्यांच्या पिल्लांना जास्त धोका असतो. कोंबडीचा हा रोग शेळ्यांना किंवा माणसांना लागत नाही. तरीपण खुराड्याचं काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण शिटेत दुसरेही जंतू असतात.

कसा ओळखायचा?

१. पिल्लू पिसं फुगवून, पंख खाली सोडून उभं राहतं.
२. डोळे मिटून पेंगतं आणि दाणे खात नाही.
३. पिल्लं एकमेकांना चिकटून कोपऱ्यात बसतात.
४. शिटेत रक्त दिसतं.
५. तुरा आणि तोंड फिकट पडतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चांगल्या कोंबडीची काही शीट तपकिरी आणि चिकट असते. ती पाहून घाबरू नये. लाल रक्त दिसलं तर मात्र थांबू नये. एक-दोन दिवसांत पिल्लं मरू शकतात.

दुसरे आजार

पांढरी हगवण : ही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते. शेपटीखाली पांढरी शीट चिकटून वाळते. याचे जंतू आईच्या अंड्यातूनच पिल्लात येतात. म्हणून अशा कोंबडीची अंडी उबवायला ठेवू नयेत.

मानमोडी : हिलाच रानीखेत म्हणतात. शीट हिरवी होते, श्वास घेताना आवाज येतो, मान वाकडी होते. हिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लू साधारण आठवड्याचं असताना डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब घालतात. पुढचे डोस डॉक्टर सांगतात.

म्हणजे लाल, पांढरी, हिरवी असा शिटेचा रंग नीट बघावा आणि पिल्लांचं वय मोजावं. दवाखान्यात जाताना कागदावर थोडी शीट न्यावी. पिल्लू मेलं असेल तर तेही पिशवीत घालून न्यावं. डॉक्टरांनी मला एक मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे दोन बंद पिशव्या असतात. त्या दोन्ही रक्ताने भरल्या होत्या. घरी कोणी पिल्लू कापून बघू नये.

उपाय

आजारी पिल्लं लगेच वेगळ्या डालग्यात ठेवावीत. पण औषध सगळ्याच पिल्लांना द्यावं, कारण रोग सगळ्यांच्या पोटात गेलेला असतो. आजारी पिल्लू दाणे खात नाही, पण पाणी पितं. म्हणून औषध पाण्यातून देतात. बहुतेक वेळा अँप्रोलियम नावाची पूड देतात. हे औषध ब-१ जीवनसत्त्वासारखं असतं. रोगाचा जीव फसतो, जीवनसत्त्व समजून तेच घेतो आणि उपाशी मरतो. म्हणून औषध चालू असताना ब-१ चं टॉनिक पाण्यात घालू नये.

किती पूड किती पाण्यात घालायची ते डॉक्टर सांगतील तसंच करावं. औषधाचं पाणी रोज नवीन करावं आणि दुसरं पाणी ठेवू नये. दोन दिवसांत बरं वाटलं तरी औषध मध्येच बंद करू नये. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

रोग होऊ नये म्हणून

औषधापेक्षा कोरडी जागा महत्त्वाची आहे. खुराड्यात भाताचं तूस पसरावं आणि रोज काठीने खालीवर करावं. ओलं झालेलं तूस काढून लांब उकिरड्यावर टाकावं. पाण्याचं भांडं विटेवर ठेवावं, म्हणजे त्यात शीट पडत नाही आणि पाणी सांडत नाही. दाणे जमिनीवर न टाकता परातीत द्यावेत. पिल्लांची दाटी करू नये. नुसतं फिनेल टाकून ही अंडी सहसा मरत नाहीत. ऊन पडलं की डालगी उन्हात वाळवावीत.

आमच्या घरी मागच्या पावसाळ्यात १२ पिल्लांना रक्ती हगवण लागली. औषध येईपर्यंत ४ मेली, ८ वाचली. त्यांतल्या ५ तलंगा आता अंडी घालतात. आजी पूर्वी म्हणायची, "पावसातली पिल्लं देवाची." आता ती रोज सकाळी खुराडं उघडते आणि आधी शीट बघते.

सांगा पाहू!

१. पिल्लांना औषध पाण्यातूनच का देतात?
२. कोणत्या आजारावर फक्त लस आहे?
३. पाण्याचं भांडं विटेवर का ठेवावं?

— इयत्ता ४ थी